दोन दिवसांचा बेत

कोल्हापूरपासून समुद्र फार दूर नाही. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, तर ती शंभर किलोमीटरांच्या आतच कोकणच्या किनाऱ्याला जाऊन टेकते. परंतु मध्ये सह्याद्री उभा आहे. त्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांतून पूर्वेकडे वाहू लागतो. या नद्यांची पंचगंगा होते, पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते, आणि ते पाणी सारा दक्षिण देश ओलांडून थेट बंगालच्या उपसागराला जाते. हाकेच्या अंतरावरचा समुद्र पाठीशी टाकून दूरच्या समुद्राची वाट धरणाऱ्या या नद्यांसारखेच कोल्हापूरच्या कितीतरी माणसांचेही होते. समुद्र जवळ आहे, कधीही जाता येईल, या भरवशावर तो पाहावयाचा राहूनच जातो.

एके काळी बैलांचे तांडे हा डोंगर चढत आणि उतरत असत. कोकणातून मीठ वर येई. देशावरून गूळ आणि मिरची खाली जाई. आज त्याच डोंगरातून गाडीरस्ते गेले आहेत. आंबा घाटाने रत्नागिरी गाठता येते. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरता येतो. राधानगरी आणि दाजीपूरवरून फोंडा घाटाने कणकवलीस जाता येते, आणि आजऱ्याच्या बाजूने आंबोलीवरून सावंतवाडीला. समुद्राकडे जाणारी इतकी दारे उघडी असली, तरी त्यांतून बाहेर पडावयास काहीतरी निमित्त लागते. शुक्रवार पेठेतील एका घराला ते निमित्त एका वाढदिवसाने मिळवून दिले.

त्या घरातील थोरल्या नातीला पंचवीस नोव्हेंबरला बारावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. वाढदिवसाला काय हवे, असे तिला आईवडिलांनी विचारले. नवे कपडे किंवा सायकल ती मागेल, असा त्यांचा अंदाज होता. पण शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात तिला एक तारीख सापडली होती. छत्रपती शिवाजी महाराजांनी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी केली, ती २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. “किल्ल्याचा आणि माझा वाढदिवस एकच आहे,” ती म्हणाली. “मला त्या दिवशी तिथं जायचं आहे.”

वडील उद्यमनगरातील एका कारखान्यात काम करीत. त्यांना दोन दिवसांची रजा मिळण्यासारखी होती. तिसरा दिवस मिळणे शक्य नव्हते. तेव्हा असे ठरले, की दोन दिवस आणि एक रात्र घराबाहेर काढावयाची, घरातील सहाही माणसांनी जावयाचे, आणि सारा बेत नातीने आखावयाचा. एवढा मोठा अधिकार हाती येताच तिने एक कोरी वही घेतली, तिला खाकी वेष्टन घातले आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘दोन दिवसांचा बेत’.

बेत आखण्यात एक निराळेच सुख असते. पाय घरातच असतात, पण मन केव्हाच डोंगर उतरून गेलेले असते. नातीने नकाशा जमिनीवर पसरला आणि त्याच्या चारी कोपऱ्यांवर चार पाटे-वाट्या ठेवल्या. मग तिचे बोट किनाऱ्यावरून वरखाली फिरू लागले. विजयदुर्ग तर पाहिलाच पाहिजे. कारण तो मुळात बाराव्या शतकाच्या अखेरीस पन्हाळ्याच्या शिलाहार राजा भोजाने बांधविला असे सांगतात. देवगड वाटेतच पडते. वेंगुर्ल्याचे बंदर आहे. कुडाळजवळचे पिंगुळी गाव आहे. तेथील ठाकर समाजातील कलावंतांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. येताना दाजीपूरचे जंगल, तेथील गवे आणि राधानगरीचे धरण. दोन पाने भरली. नातीला वाटले, आता बेत पुरा झाला.

ती वही प्रथम आजोबांच्या हाती गेली. आजोबांनी तीस वर्षे एस. टी. ची गाडी चालविली होती. कोल्हापूर ते मालवण हा रस्ता त्यांच्या हातापायांना पाठ होता. कोणत्या वळणावर पहाटे धुके बसते, कोठे पावसाळ्यात दरड सुटते, हे ते डोळे मिटून सांगत. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पाने शांतपणे वाचली आणि विचारले, “एवढ्या ठिकाणी जायचं, तर समुद्र कधी बघायचा? खिडकीतून?”

नातीने किलोमीटरांची बेरीज दाखविली. आजोबा हसले. “पोरी, घाटात मैल मोजायचे नसतात, वळणं मोजायची. सपाटीला जे अंतर तासात जाईल, त्याला घाटात दोन तास लागतात. ज्या गिअरमध्ये चढ चढावा, त्याच गिअरमध्ये उतरावा, असं आम्हांला शिकवलेलं. घाई केली की घाट माफ करत नाही.” मग त्यांनी प्रत्येक गावापुढे किलोमीटर खोडून तास लिहिले. बेरीज केली, तेव्हा दोन दिवसांत चोवीस तासांहून अधिक वेळ नुसत्या प्रवासात जात होता. झोप, जेवण आणि समुद्र यांसाठी त्या पानांवर जागाच उरली नव्हती.

आजोबांची स्वतःची गोष्टही थोडी नवलाची होती. तीस वर्षे ते समुद्राच्या गावाला गाडी नेत होते. पण गाडी स्थानकात लावून हिशेब होतो न होतो, तोच परतीची वेळ होई. मुक्कामी गाडी असली, म्हणजे ते रात्री गाडीतच झोपत. वारा किनाऱ्याकडून आला, की समुद्राची गाज कानी येई. ती ऐकत त्यांना झोप लागे, आणि पहाटे उठून ते पुन्हा घाट चढू लागत. समुद्र त्यांनी पुष्कळदा ऐकला होता. त्यात पाय मात्र कधी घातले नव्हते. ही गोष्ट त्यांनी आजवर कोणाला सांगितली नव्हती, कारण कोणी विचारलीच नव्हती.

त्या रात्री नातीच्या ध्यानात एक गोष्ट आली. वहीत जी ठिकाणे होती, ती सगळी तिच्या एकटीच्या आवडीची होती. जावयाचे होते सहा माणसांना. दुसऱ्या दिवशी तिने नवे पान उघडले, त्यावर सहा रकाने आखले, आणि घरातील प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: “तुम्हांला या दोन दिवसांत काय हवं आहे? एकच गोष्ट सांगा.”

धाकट्या भावाचे उत्तर तत्काळ आले. त्याला वाळूत खोल खड्डा खणावयाचा होता आणि खेकडे पाहावयाचे होते. वडिलांना सकाळी भोंग्यावाचून जाग यावयास हवी होती. एवढे एक झाले, की त्यांना कोठेही चालणार होते. आजोबा म्हणाले, “मला गाडीत खिडकीची जागा पाहिजे. आजवर रस्ताच बघितला. आता बाजूचं बघीन.”

आई शिक्षिका होती. तिने शिरोड्याचे नाव घेतले. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात त्या समुद्रकाठच्या खेड्यातील शाळेत शिक्षक होते. तेथेच त्यांनी आपल्या पुष्कळशा लेखनाचा आरंभ केला. पुढे ते कोल्हापुरास आले आणि १९७६ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, या परिसराचेच होऊन राहिले. ‘ययाति’ या त्यांच्या कादंबरीचे नाव ज्ञानपीठ पुरस्कारामुळे साऱ्या भारतात गेले. शिवाय १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याच्या मिठागरांवर लोकांनी कायदा मोडला होता. अशा गावाची वाळू एकदा पायांना लागावी, असे आईला वाटत होते.

आजीचा रकाना मात्र रिकामाच राहिला. ती म्हणाली, “मला काय विचारतेस? तुम्ही जाऊन या. म्हशीची धार कोण काढणार?”

घराच्या मागील परड्यात एक म्हैस होती. कोल्हापुरात हे नवलाचे नाही. या शहरात दुधाचे कट्टे आहेत. तेथे म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून ताजे फेसाळ दूध पेल्यात देतात. गंगावेशीचा कट्टा तर सर्वांच्या परिचयाचा आहे. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगे रंगवून, गळ्यात माळा घालून त्यांची मिरवणूक निघते. आजीची म्हैसही नुकतीच अशी मिरवून आली होती. आजोबांची नोकरी, मुलांचे शिक्षण, घरातील दुखणीखुपणी या सर्वांच्या मागे त्या परड्यातील दुधाचा आधार होता. एक म्हैस गेली, दुसरी आली. पण पहाटेची आणि संध्याकाळची धार पन्नास वर्षांत चुकली नव्हती. ती आजीच्याच हाताने काढली जाई. त्यामुळे आजोबा तीस वर्षे समुद्राकडे जात राहिले आणि आजी तीस वर्षे घरी राहिली.

नात तिच्याजवळ बसून राहिली. पुष्कळ वेळाने आजी म्हणाली, “संध्याकाळी दिवस मावळतो, तेव्हा मी गोठ्यात असते. लग्न झाल्यापासून दिवस मावळताना मी निवांत बघितलाच नाही. तो पन्हाळ्याच्या डोंगराआड जातो, एवढं ठाऊक. पलीकडं समुद्रात बुडतो म्हणतात. ते एकदा बघावं असं वाटतं खरं. पण म्हस परक्याच्या हाताला पान्हा सोडत नाही बघ.”

नातीने आजीच्या रकान्यात लिहिले: ‘सूर्यास्त’. त्याखाली तिने एक रेघ ओढली, आणि रेघेखाली दुसरा शब्द लिहिला: ‘म्हैस’.

आता बेत खरोखर अवघड झाला. किल्ले, बंदरे आणि धरणे नकाशावर सापडतात. त्यांचे अंतर मोजता येते. परंतु ज्या अडचणीमुळे एक माणूस पन्नास वर्षे घराबाहेर पडू शकले नव्हते, ती कोणत्याही नकाशावर नव्हती. नातीला कळून चुकले, की तिचा बेत परड्यातच सुरू व्हावयास हवा.

शेजारी एक काकू राहत. त्यांच्या माहेरी म्हशी होत्या. त्यांना धार काढता येत होती. नातीने त्यांना जाऊन विचारले. त्या म्हणाल्या, “मी काढीन गं. पण तुमच्या आजीची म्हस मला जवळ उभी करून घेईल तर ना!” तेव्हा उपाय असा निघाला, की निघण्यापूर्वी दहा दिवस काकूंनी रोज संध्याकाळी यावे आणि आजीने जवळ उभे राहावे. पहिल्या दिवशी म्हशीने लाथ मारून चरवी उलथी केली. दुसऱ्या दिवशी तिने दूध वर ओढून धरले. आजी म्हणाली, “माझं लुगडं अंगावर टाकून बसा, तिला वास ओळखीचा लागेल.” काकूंनी आजीचे जुने लुगडे खांद्यावर घेतले, आंबोणाची पाटी पुढे ठेवली, रेडकाला आधी पाजले, आणि हळू आवाजात म्हशीशी बोलावयास सुरुवात केली. पाचव्या दिवशी अर्धी चरवी भरली. नवव्या दिवशी आजी गोठ्याच्या दारातच उभी राहिली. दहाव्या दिवशी ती घरातच बसून होती, आणि गोठ्यातून धारेचा सरसर आवाज येत होता.

इकडे वहीतील दोन पानांवर काट मारण्याचे काम चालले होते. यादीत भर घालणे सोपे असते. काय गाळावे हे ठरविण्यास मात्र धीर लागतो. सूर्यास्त हवा, तर पहिल्या दिवशी पाच वाजण्यापूर्वी किनाऱ्यावर असणे भाग होते. कारण नोव्हेंबरच्या अखेरीस तेथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून विजयदुर्ग गेला, देवगड गेले. आजीचे गुडघे दुखत. म्हणून पिंगुळी आणि वेंगुर्ले पुढल्या खेपेवर गेले. शिरोडे मालवणच्याही बरेच दक्षिणेस, म्हणून तेही गाळावे लागणार होते. पण तो आईचा रकाना होता. नातीने आईलाच विचारले. आई म्हणाली, “गाव तिथंच राहणार आहे. पण त्याऐवजी तू माझ्याबरोबर विद्यापीठात चल.” शिवाजी विद्यापीठात खांडेकरांचे स्मृतिसंग्रहालय आहे. एका दुपारी त्या दोघी तेथे जाऊन आल्या. शिरोडे दूर राहिले. परंतु त्या शाळेत शिकविणाऱ्या माणसाची भेट मात्र घराजवळच घडली.

सिंधुदुर्गाचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. किल्ल्यावर होडीतून जावे लागते. आजीला होडीत चढणे आणि उतरणे झेपणार नव्हते. तिला किनाऱ्यावर ठेवून आपण किल्ला पाहावयाचा, हे नातीच्या मनाला पटेना. किल्ला सोडून द्यावा, तर ज्या तारखेसाठी बेत सुरू झाला, तीच व्यर्थ जाईल. तिने पुन्हा पुस्तके उघडली, तेव्हा तिला मोरयाचा धोंडा सापडला. मालवणच्या किनाऱ्यावरील या खडकावर गणपती आणि चंद्रसूर्य कोरलेले आहेत. किल्ल्याच्या बांधणीला प्रारंभ करताना महाराजांनी येथेच पूजा केली, असे सांगतात. म्हणजे किल्ल्याचा जन्म ज्या जागी झाला, ती जागा किनाऱ्यावरच होती, आणि तेथवर आजीला सावकाश चालत जाता येणार होते. पंचवीस तारखेला तेथे सर्वांनी जावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांना झेपेल त्यांनी दोन तास किल्ल्यावर जावयाचे, असे ठरले.

वडिलांनी खर्चाचे पान लिहिले. प्रवास एस. टी. नेच करावयाचा होता. पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांना २०२२ पासून एस. टी. त तिकीट पडत नाही. आजोबांना शहात्तरावे वर्ष लागले होते. स्त्रियांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, आणि लहान मुलांना तर ते पूर्वीपासूनच आहे. वडील हसून म्हणाले, “सहा माणसांत पुरं तिकीट माझ्या एकट्याचं!” मालवणात एका घरी राहण्याजेवणाची सोय ठरली. शिवाय नातीने दिनदर्शिकेत तिथी पाहून ठेवली. कारण पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास समुद्राला उधाणाची भरती येते, अष्टमीच्या सुमारास भरती बेताची असते, आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा येते. समुद्रालाही आपले वेळापत्रक असते, हे तिला नव्यानेच कळले होते.

जर्मन महाकवी गटे, ज्याला आपल्या कालिदासाचे ‘शाकुंतल’ फार आवडले होते, त्यानेही वाढदिवसाच्या निमित्ताने असाच एक प्रवास केला होता. १७८६ च्या ऑगस्टमध्ये मित्रांनी त्याचा सदतिसावा वाढदिवस साजरा केला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, पहाटे तीन वाजता, कोणालाही न सांगता तो इटलीला निघून गेला. व्हेनिसला पोहोचल्यावर त्याने आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. एकट्याने, गुपचूप निघण्यातही आनंद असेल. परंतु शुक्रवार पेठेतील या बेतात कोणीच एकटे नव्हते. त्यात काकू होत्या, आणि म्हैसही होती.

पंचवीस तारखेला पहाटे आजीने धार काढली, नातीला ओवाळले, आणि मंडळी निघाली. उसाचे मळे मागे पडले. गगनबावड्यापाशी डोंगर एकाएकी संपला आणि खाली कोकण उघडे झाले. देशाच्या बाजूने सह्याद्री हळूहळू चढत जातो. कोकणच्या बाजूला तो भिंतीसारखा तुटतो. आजोबा खिडकीपाशी बसले होते. करूळ घाटाच्या प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय नकळत दाबला जाई, पण डोळे मात्र दरीकडे होते. “इथं एवढी मोठी झाडी आहे, हे मला माहीतच नव्हतं,” ते म्हणाले.

दुपार टळल्यावर सर्वजण मोरयाच्या धोंड्यापाशी गेले. समोर पाण्यात किल्ला उभा होता. सुमारे अठ्ठेचाळीस एकरांचे ते बेट आणि त्याभोवती तीन किलोमीटरांची नागमोडी तटबंदी पाहून नात काही वेळ बोललीच नाही. वडिलांनी सांगितले, की पुढे हा किल्ला कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, मग परत केला, आणि १८१२ च्या तहाने मालवणचे हे बंदर कोल्हापूरच्या हातून कायमचे गेले. म्हणजे हा समुद्र एके काळी कोल्हापूरचाच होता.

सूर्य खाली येऊ लागला. आजी पाण्याच्या काठाशी जाऊन उभी राहिली. लाट आली, तिचे पाय भिजले, आणि परतणाऱ्या लाटेबरोबर तळपायांखालची वाळू सरकली. ती दचकली आणि तिने आजोबांचा हात धरला. आजोबाही प्रथमच पाण्यात उभे होते. सूर्य मोठा झाला, तांबडा झाला, पाण्याला टेकला, आणि पाहता पाहता अर्धा, मग कोरीएवढा, मग दिसेनासा झाला. आजी काही बोलली नाही. पुष्कळ वेळाने ती पूर्वेकडे, डोंगराकडे वळून म्हणाली, “आता तिकडं धारेची वेळ झाली.” आणि मग हसली. इतक्या मोकळेपणाने हसताना नातीने तिला पूर्वी कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण चालली होती. होडीतून भले मोठे जाळे समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरून माणसांच्या दोन रांगा ओढीत आणतात. घरातील सहाही माणसांनी दोराला हात लावला, आजीनेही लावला. जाळे वर आले, तेव्हा त्यात तारली, पेडवे आणि बांगडे चमकत होते. मासळीची वाटणी झाली, आणि एका म्हाताऱ्या रापणकराने मूठभर बांगडे नातीपुढे धरले. ती म्हणाली, “आम्ही तर पाहुणे आहोत.” म्हातारा म्हणाला, “दोराक हात लावलास ना? मग वाटो तुझो.” भावाने वाळूत खड्डा खणला, वडील त्या दिवशी आपोआप जागे झाले होते, आणि किल्ल्यावर जाऊन आलेल्यांनी खाऱ्या समुद्राच्या मध्यभागी दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरींतील गोडे पाणी पाहिले.

परतीची गाडी फोंडा घाटाने चढली. दाजीपूरच्या दाट रानात गवे दिसले नाहीत. पण ज्या रानाला १९५८ मध्ये अभयारण्याचे संरक्षण मिळाले, ते रान दिसले. राधानगरीस मंडळी उतरली. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधावयास घेतलेले धरण त्यांनी पाहिले. पुढल्या गावी गुऱ्हाळ चालू होते. काहिलीत रस उकळत होता, आणि सगळीकडे गोड वास दरवळत होता. तेथे सर्वांनी गरम काकवी चाखली. नातीने वही काढून पाहिले; सहाही रकान्यांवर बरोबरची खूण झाली होती.

तरी तिने मालवणात आपल्या वाढदिवसाच्या पैशांतून एक पुडा खाजे आणि एक पुडा आमसुले घेतली होती, आणि आता गुऱ्हाळावर गुळाची एक लहान ढेप घेतली. भावाने विचारले, “ताई, हे कोणासाठी?” ती म्हणाली, “काकूंसाठी. दोर त्यांनीपण ओढला.”